कोरोनात शाळा बंद असताना नाशिककडच्या गरीब पोरांचं शिक्षण कशाने टिकलं?

मोबाईलने कमी, मास्तरांच्या पायपिटीने जास्त. मार्च २०२० मध्ये शाळांना कुलूप लागलं आणि सगळे ‘ऑनलाईन’च्या मागे लागले. पण सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर रेंजसाठी टेकडी चढावी लागते. घरात फोन एकच, तोही सकाळी बापाबरोबर कामावर. संध्याकाळी परत येईपर्यंत बॅटरी डाऊन नाहीतर डेटा संपलेला. त्यात दीक्षा हे सरकारी अभ्यासाचं ॲप काय उघडणार?

चाललं ते साधंच. पोषण आहाराचा कोरडा शिधा न्यायला पालक शाळेत यायचेच. त्याच हाती स्वाध्यायाचे कागद द्यायचे आणि पुढच्या वाटपाला तपासायला परत घ्यायचे. मास्तरांनी पाड्यावर जाऊन ओट्यावर चार-पाच पोरं अंतर ठेवून बसवायची, मोठ्या पोराने धाकट्याचं वाचन घ्यायचं. सह्याद्री वाहिनीवरची ‘टिलीमिली’ ही शिक्षणाची मालिकाही बरी होती, अर्थात टीव्ही आणि वीज दोन्ही असेल तर.

खरी गळती नववी-दहावीची. ही पोरं आईबापांबरोबर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीला गेली आणि मजुरीची सवय लागली. त्यांच्यासाठी बागेवरच संध्याकाळचा तासभर वर्ग हवा होता, मालकाशी आधीच बोलून. २०२१ चा ४५ दिवसांचा सेतू अभ्यास, म्हणजे मागच्या इयत्तेची उजळणी, त्यांना माझ्या मते फारच तोकडा होता.