फियाटच्या काचांसाठी एफडी मोडू का?

प्रश्न: कोल्हापूरचे एक वाचक, वय ४४, कनिष्ठ महाविद्यालयात शिक्षक. वडिलांची १९७३ सालची प्रीमियर प्रेसिडेंट दारात उभी आहे. चारही दारांच्या काचा धुरकटल्यात, दोन वर-खाली होत नाहीत, पावसात पाणी आत येतं. गॅरेजवाल्याने ७८,००० सांगितलेत. घरी केलं तर २२,००० मध्ये भागेल असा त्यांचा अंदाज आहे. दीड लाखाची एफडी मोडावी, की मुलीच्या शिक्षणासाठीची १०,००० ची एसआयपी वर्षभर थांबवावी? धाकटा भाऊ म्हणतो, एक लाख साठ हजारांना गिऱ्हाईक आहे, देऊन टाक. शिवाय ते विचारतात, "गाडी चकाचक झाली की किंमत वाढेलच, मग ही गुंतवणूकच नाही का?"

उत्तर: नमस्कार. शेवटचा प्रश्न आधी घेतो. नाही, ही गुंतवणूक नाही. तुमची गाडी म्हणजे आपण सगळे सरसकट फियाट म्हणतो तीच. पुढे १९७४ पासून ती पद्मिनी म्हणून विकली गेली आणि मुंबईत टॅक्सी म्हणून हजारोंनी धावली. जी गाडी इतकी निघाली, तिला दुर्मीळपणाचा भाव मिळेल असं गृहीत धरू नका. जुन्या गाडीचं गिऱ्हाईक आधी पत्रा ठोकून बघतं, मग कागद मागतं. काचांवर घातलेला रुपया रुपयाने परत येत नाही. हा हौसेचा खर्च आहे आणि हौसेला माझी अजिबात ना नाही. फक्त तो हौसेच्या पैशातून व्हावा.

एफडीचं बघू. महिन्याचा घरखर्च ४५,००० लिहिलाय, म्हणजे दीड लाख हे जेमतेम सव्वातीन महिन्यांचं पाठबळ. सहा महिन्यांचं हवं, तर तीच एफडी लाखाच्या वर तोकडी आहे. तिला हात लावू नका. एसआयपीचं उत्तर त्याहून सरळ आहे. मुलगी नववीत आहे, पैसे तीन-चार वर्षांत लागणार. आज थांबवलेल्या हप्त्यांचे १ लाख २० हजार भरून काढायला वेळच उरत नाही.

आता घरी की गॅरेजला. इथे मी तुमच्या बाजूने आहे, पण तुमच्या कारणासाठी नाही. ५६,००० वाचतील म्हणून तुम्ही घरी करायचं म्हणता. मला ते पटतं ते अशासाठी की खरा खर्च काचेत नाही, दाराच्या पोटात आहे, आणि दार उघडल्याशिवाय तो कोणालाच दिसत नाही. गॅरेजवाल्यालाही नाही, कोटेशन काहीही म्हणो.

काच ज्या फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) पट्टीत सरकते ती झिजली की तिच्यात वाळू अडकते आणि प्रत्येक वेळी काच खाली घेताना उभे ओरखडे उमटतात. बाहेरचं रबर कडक होऊन चिरलं की पाणी आत उतरतं. दाराच्या तळाशी पाणी जायला भोकं असतात, ती पन्नास वर्षांच्या मातीने बुजलेली असतात. पाणी तिथेच साचतं आणि पत्रा आतून खातं. तुमच्या दोन काचा अडल्यात, त्याचं कारणही बहुधा खालच्या लोखंडी चॅनेलचा, म्हणजे काच बसते त्या खाचेच्या पट्टीचा, गंज. म्हणून नुसती काच चमकवून उपयोग नाही. फेल्ट तीच राहिली तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत तेच ओरखडे पुन्हा.

तेव्हा काहीही विकत घेण्याआधी एकच दार उघडा. हँडल काढा, आतला पुठ्ठा काढा, टॉर्च लावून तळ बघा आणि स्क्रू ड्रायव्हरने दाबून बघा. पत्रा टणक असेल तर भोकं मोकळी करून पुढे चला. टोक आरपार गेलं तर काचांचा विषय तिथेच थांबवा, आधी वेल्डिंग-डेंटिंगचं कोटेशन घ्या. तो आकडा काचांच्या आकड्याला सहज मागे टाकू शकतो. तसं झालं तर भावाचं गिऱ्हाईक पुन्हा विचारात घ्यायला हरकत नाही. स्वतःच्या वापरातली गाडी आयकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ता धरत नाहीत, त्यामुळे नफ्यात विकली तरी त्यावर कर नाही. (तोटा झाला तर तो कुठे वजाही करता येत नाही.)

पत्रा चांगला निघाला तर फेल्ट, रबर, काच चढवायच्या मशीनची साफसफाई आणि ग्रीस हे सगळं तुमच्या हातचं आहे. गंजलेल्या चॅनेलमधून काच ओढू नका. तेल सोडून रात्रभर ठेवा, नाहीतर टफन्ड (तापवून कणखर केलेली) काच हातातच भुगा होईल. ओरखड्यावरून नख फिरवा. अडकलं नाही तर सेरियम ऑक्साइडची पूड, पाणी आणि फेल्टचं पॅड यांनी तो जाईल. नख अडकलं तर नवी काच घ्या, कारण खोल घासलं की त्या जागी पलीकडचं वाकडं दिसतं.

नवी काच घ्यायची तर काटकसर तिथे नको. टफन्ड काच एकदा तयार झाली की कापता येत नाही, जुन्या काचेच्या मापाने आधी कापून मगच ती टफन करतात. "साधी काच लगेच कापून देतो" असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. नियमाने सेफ्टी ग्लासच लागते, आणि साध्या काचेच्या सुऱ्या होतात. पुढच्या दारांच्या तिकोनी काचा शाबूत असतील तर जपा. पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला भाग शोधता येतील, पण मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. मोडीत निघणाऱ्या टॅक्सींचे भाग आता तिथून येणार नाहीत.

पैशाची सोय अशी करा: दरमहा ४,००० ची सहा महिन्यांची आरडी. तुमचे २२,००० त्यात बसतात. दारं एकेक करून घ्या, चारही एकदम उघडून ठेवू नका.

तुमच्या हिशेबात एक ओळ राहिली आहे. आरसीची मुदत मार्चमध्ये संपते म्हणता. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीची फेरनोंदणी फी पाच वर्षांसाठी १०,००० रुपये आहे. गाडी पन्नाशी ओलांडलेली असल्याने नंबरच्या 'व्हीए' मालिकेत व्हिंटेज म्हणूनही नोंदवता येईल. त्याचे २०,००० आणि मुदत दहा वर्षं. वर्षांच्या हिशेबात दोन्ही सारखंच पडतं, पण व्हिंटेज नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यासाठीच. रविवारी सगळ्यांना घेऊन जोतिबाला जायचं असेल, तर साधी फेरनोंदणीच करा आणि ते १०,००० आरडी सुरू करायच्या आधी बाजूला काढा.