मुंबईतल्या जुन्या विहिरी आणि तलाव गेले कुठे?

धोबी तलावला तलाव नाही, सीपी टँकला (म्हणजे कावसजी पटेल तलावाला) टँक नाही, मग पाणी गेलं कुठे, असं तुम्ही विचारलंय. तलाव बुजवून वर रस्ते आणि इमारती झाल्या. 1860 च्या सुमारास विहार तलावाचं पाणी नळाने आल्यावर त्यांची गरजच संपत गेली.

विहिरींची गोष्ट मात्र जास्त रंगतदार आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिवतापाचे डास घरगुती विहिरींत वाढतात हे लक्षात आलं आणि पालिकेने त्या बुजवायला किंवा झाकायला लावल्या. मालक अडून बसले! विहिरीत देव-पीर राहतात, कोंडले तर घरावर संकट येईल, अशी श्रद्धा. मग तोडगा काय, तर झाकणात जाळीचं छोटं दार. डास आत जाणार नाहीत आणि पूजाही चालू राहील. मला तरी हा अस्सल मुंबईकर तोडगा वाटतो.

अजून जिवंत विहीर बघायची असेल तर चर्चगेटजवळ क्रॉस मैदानाच्या कडेला भिखा बेहराम विहीर आहे, 1725 ची. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी पाणी गोडं. आत प्रवेश फक्त पारशांना, बाकीच्यांनी बाहेरूनच बघायचं. तसं नको असेल तर सरळ वाळकेश्वरला बाणगंगा तलावावर जा.