स्तनाच्या गाठीची संप्रेरकांवरची भिस्त बदलते का?

प्रश्न : माझ्या आईला सात वर्षांपूर्वी स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार झाले, आणि अहवालात ईआर व पीआर पॉझिटिव्ह असल्यामुळे पुढे पाच वर्षे लेट्रोझोलची गोळी चालू होती. आता तिचे वय ६६ आहे. अलीकडे कंबर दुखू लागली म्हणून तपासणी केली, तेव्हा खुब्याच्या हाडात आणि यकृतात आजार दिसला. बांबोळीच्या डॉक्टरांनी यकृताची बायोप्सी करायला सांगितले आहे. जुना अहवाल हाताशी असताना पुन्हा सुई कशासाठी? नातेवाईक म्हणतात की सुई लावली की आजार पसरतो. शिवाय चवथीच्या धामधुमीत तिच्या काही गोळ्या चुकल्या होत्या. त्यामुळे तर हे झाले नाही ना?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : आपल्या आईच्या डॉक्टरांनी दिलेला सल्ला योग्य आहे आणि तो मानावा, असे मी सुरुवातीलाच सांगते. सात वर्षांपूर्वीचा अहवाल खोटा नाही. मात्र तो त्या वेळी स्तनातून काढलेल्या गाठीचा आहे. आज यकृतात वाढणाऱ्या पेशी त्याच गाठीच्या वंशातल्या असल्या, तरी त्या पाच वर्षांच्या औषधाला तोंड देऊन टिकलेल्या आहेत, आणि त्यांचे इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकावरचे (हार्मोनवरचे) अवलंबित्व पूर्वीसारखेच राहिले असेल असे गृहीत धरून पुढचे उपचार ठरवणे धोक्याचे आहे.

स्तनाच्या काही गाठी संप्रेरकांवर पोसल्या जातात हे वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत आहे. ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी १८९६ साली लिहून ठेवले की बीजाशये काढल्यावर काही स्त्रियांच्या पसरलेल्या गाठी आक्रसल्या. सगळ्यांच्या आक्रसल्या नाहीत, आणि ज्यांच्या आक्रसल्या त्यांच्यातही आजार पुढे परतला. हा फरक का पडतो याचा उलगडा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. इस्ट्रोजेनला धरून ठेवणारे प्रथिन, म्हणजे रिसेप्टर, ज्या पेशींत असते त्यांनाच इस्ट्रोजेनकडून वाढीचा आदेश मिळतो. अहवालातील ‘ईआर’ म्हणजे हाच रिसेप्टर, आणि ‘पीआर’ म्हणजे प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाचा रिसेप्टर. टॅमॉक्सिफेन हे औषध ईआरची जागा अडवते. रजोनिवृत्तीनंतर चरबी व इतर ऊतींत जे थोडे इस्ट्रोजेन तयार होत राहते, त्याची निर्मिती लेट्रोझोल थांबवते.

आता बदल कसा होतो ते पाहू. औषध निकामी झाले म्हणजे गाठ ईआर निगेटिव्ह झाली, असा समज मला रुग्णांच्या घरी वारंवार आढळतो. प्रत्यक्षात बहुसंख्य रुग्णांत रिसेप्टर जागेवरच असतो. परतलेल्या आजाराची पुन्हा तपासणी केली तर साधारण पाच रुग्णांमागे एकीचा ईआर बदललेला आढळतो. पीआर त्याहून अधिक वेळा नाहीसा होतो. उरलेल्यांत रिसेप्टर असूनही औषध चालत नाही, आणि त्याची कारणे वेगवेगळी असतात. एक कारण विशेष महत्त्वाचे आहे. ईएसआर-१ या जनुकात रिसेप्टर घडवण्याची माहिती असते. त्यात उत्परिवर्तन झाले की रिसेप्टर इस्ट्रोजेनची वाट न पाहता स्वतःच चालू राहतो. आपल्या खाजन शेतीतील मानशीची दारे भरती-ओहोटीनुसार उघडायची-मिटायची सोडून कायमची उघडी राहावीत, तसे हे आहे. मग लेट्रोझोलने इस्ट्रोजेन कितीही कमी केले तरी त्या पेशींना फरक पडत नाही. मूळ गाठीत हा बदल क्वचितच सापडतो, पण पसरलेल्या आजारात लेट्रोझोलसारखी औषधे घेतलेल्या स्त्रियांत तो सुमारे २० ते ४० टक्के जणींत दिसतो. अशा वेळी संप्रेरक उपचार सोडायचे नसतात, त्यांचा मार्ग बदलायचा असतो. रिसेप्टरच नष्ट करणारे फुलव्हेस्ट्रंटचे इंजेक्शन किंवा त्याच तत्त्वावरच्या नव्या गोळ्या येथे उपयोगी पडू शकतात. काही गाठींत रिसेप्टर शाबूत राहून पेशी पीआय-३-के किंवा हर-टू यांसारख्या दुसऱ्या वाटांनी वाढीचे आदेश मिळवू लागतात, आणि त्यांच्यासाठी औषधे निराळी आहेत.

अवलंबित्व किती विलक्षण रीतीने बदलते याचे आणखी एक उदाहरण देण्याचा मोह मला आवरत नाही. टॅमॉक्सिफेनला सरावलेल्या काही गाठी त्याच औषधावर पोसू लागतात, आणि ते नुसते थांबवल्यावर आक्रसतात. दीर्घकाळ इस्ट्रोजेनविना राहिलेल्या काही गाठींना तर इस्ट्रोजेनच मारक ठरते. टॅमॉक्सिफेन येण्यापूर्वी वयस्कर स्त्रियांना मोठ्या मात्रेत इस्ट्रोजेन देऊन उपचार केले जात, ते याचमुळे शक्य होते. मात्र हे प्रयोग कोणीही घरी करायचे नाहीत.

आपल्या आईच्या बाबतीत बायोप्सीने काय ठरेल? ईआर टिकून असेल आणि यकृताचे काम फार बिघडलेले नसेल, तर बहुतेक वेळा संप्रेरक औषध आणि पाल्बोसिक्लिब किंवा रायबोसिक्लिब यांसारखी पेशींचे विभाजन रोखणारी गोळी एकत्र देऊन केमोथेरपी लांबणीवर टाकता येते. ईआर गेला असेल, तर त्या गोळ्यांवर महिने दवडणे म्हणजे आजाराला मोकळीक देणे होय. इतका मोठा निर्णय जुन्या कागदावर घेऊ नये. यकृत निवडले यालाही कारण आहे : हाडाचा तुकडा मऊ करण्यासाठी आम्लात ठेवला तर रिसेप्टर असूनही दिसेनासा होऊ शकतो. मूळ शस्त्रक्रिया मुंबईत, बेळगावात किंवा गोव्यातच झाली असली तरी तेथून मेणातला जुना नमुना, ज्याला पॅरेफिन ब्लॉक म्हणतात, मागवून घ्यावा. दोन्ही नमुने एकाच प्रयोगशाळेत शेजारी ठेवून पाहिले तर बदल खरा की तपासणीतला फरक, हे कळण्यास मदत होते. ईएसआर-१ची तपासणी रक्तावरही होते. तिची गरज आहे का आणि खर्च किती, हे डॉक्टरांना अवश्य विचारा.

सुईने आजार पसरतो ही भीती कृपया मनातून काढा. यकृताच्या बायोप्सीत रक्तस्रावाचा थोडा धोका असतो, म्हणून आधी रक्त गोठण्याची तपासणी करतात. पण आधीच दोन ठिकाणी पोहोचलेला आजार सुईमुळे पसरला असे होत नाही.

चुकलेल्या गोळ्यांविषयी : महिनोन्‌महिने गोळी सोडली तर आजार परतण्याचा धोका वाढतो, हे खरे आहे. पण सणाच्या दिवसांत चार-दोन गोळ्या राहिल्याने हे झालेले नाही. एकही गोळी न चुकवलेल्या स्त्रियांतही पेशी असाच मार्ग काढतात, आणि ईआर पॉझिटिव्ह आजार पंधरा-वीस वर्षांनीही परतू शकतो. आईला हे शांतपणे सांगा आणि तिच्यासमोर हा विषय दोषारोपाच्या सुरात कोणालाही काढू देऊ नका.

प्रश्न : माझा अहवाल ईआर निगेटिव्ह होता आणि म्हणून मला संप्रेरकांची गोळी दिली नाही. तो पुढे पॉझिटिव्ह होऊ शकतो का?
– एक वाचक, काणकोण

उत्तर : होऊ शकतो. पॉझिटिव्हचा निगेटिव्ह होण्याच्या मानाने हे कमी घडते, तरी नगण्य नाही. काही वेळा गाठीचे दोन भाग मुळातच वेगळे असतात, आणि काही वेळा काढलेला तुकडा फॉर्मेलिन या जतन करणाऱ्या द्रावणात उशिरा टाकल्याने पहिली तपासणीच फसलेली असते. एक टक्का पेशींत जरी रिसेप्टर दिसला तरी अहवाल पॉझिटिव्ह धरतात, म्हणून आपल्या अहवालात टक्केवारी लिहिली आहे का ते पाहा. आज आपल्याला आजार नसेल तर आपणहून कोणतीही गोळी सुरू करण्याचे कारण नाही. कधी काळी आजार परतलाच, तर मात्र नव्या नमुन्यावर ईआर, पीआर आणि हर-टू या तिन्ही तपासण्या पुन्हा करून घेण्याचा आग्रह धरा.