नागपूरच्या उन्हाळ्यात असेंबल केलेल्या पीसीचा इंटेल प्रोसेसर १०० अंशांवर जाऊन गेम अडखळतो. नवा सीपीयू कूलर घ्यावा का?

लगेच घेऊ नका. आहे तोच कूलर प्रोसेसरवर नीट बसलाय का ते आधी बघा. मी सीताबर्डीत पीसी जोडायचं-दुरुस्तीचं काम करतो. अशा मशीनमध्ये बरेचदा इंटेलच्या सोबत आलेल्या कूलरच्या चार पिनांपैकी एखादी मदरबोर्डात अर्धीच गेलेली सापडते. खूण सोपी आहे: एचडब्ल्यूइन्फो (प्रोसेसरचं तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून जड गेम चालवा. आकडा दोन-चार सेकंदांत ९५ च्या वर उडाला, तर बहुधा कूलर टेकलेला नाही किंवा दोघांमधली उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट वाळली आहे. मग पीसी बंद करून कूलर काढा, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मधोमध वाटाण्याएवढी नवी लावा आणि तिरक्या समोरासमोरच्या (कर्णावरच्या) दोन-दोन पिना 'टक्' आवाज येईपर्यंत दाबा. चारही टोकं मदरबोर्डाच्या मागून बाहेर आलेली दिसलीच पाहिजेत.

आकडा दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू चढत असेल तर दोष हवेचा: कूलरच्या फिन्समधली (धातूच्या पातळ पट्ट्यांमधली) धूळ, भिंतीला चिकटवलेली कॅबिनेट. खोली ३० ऐवजी ४० अंशांवर असली की प्रोसेसरही साधारण १० अंशांनी वर जातो. म्हणून डेझर्ट कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर मात्र कृपा करून सोडू नका, पाण्याचे तुषार आत जातात.

प्रोसेसर आय ७ किंवा आय ९ 'के' (नावाच्या शेवटी 'के' असलेला, जास्त वीज खेचणारा) असेल तर गोष्ट वेगळी. सगळं नीट बसवूनही लहान कूलर त्याला पुरत नाही. तिथे बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) पॉवर लिमिट, म्हणजे प्रोसेसर किती वीज खेचेल ती मर्यादा, कमी करा किंवा खरंच मोठा टॉवर कूलर घ्या.