मेल्यानंतरचे बोलणे

धरमपेठ, नागपूर

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेले व्हॅलरंटच्या सामन्याचे चाळीस मिनिटांचे रेकॉर्डिंग काल रात्री कूलरसमोर बसून मी दोनदा लावले. पहिल्यांदा तुझा खेळ पाहिला आणि दुसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून केवळ तुझे बोलणे ऐकले. संघातले लोक खराब खेळत असतील तर त्यांना ते सांगायचे तरी कसे, असा तुझा प्रश्न होता. उत्तर देण्याआधी एक हिशेब तुझ्यासमोर ठेवतो. ऐकताना मी कागदावर रेघा ओढत गेलो, त्यानुसार इतरांच्या खेळाविषयी तू एकंदर 26 वेळा बोललास आणि त्यांपैकी 22 वेळा तू स्वतः त्या फेरीत आधीच मेलेला होतास.

व्हॅलरंट या पाच विरुद्ध पाच अशा संगणकावरच्या गोळीबाराच्या खेळात मेलेल्या खेळाडूला फेरी संपेपर्यंत काही काम उरत नाही आणि जिवंत सोबत्याचा पडदा मात्र त्याला दिसत राहतो. बहुतेक भांडणांचे मूळ मला इथेच दिसते. तुला कोणी आणि कोठून मारले हे तुला आता पक्के ठाऊक असते. जिवंत असलेल्याला ते ठाऊक नसते, त्याला एकाच वेळी तीन वाटा सांभाळायच्या असतात आणि स्पाइक, म्हणजे हल्ला करणारा संघ लावतो तो बॉम्ब, लागलेला असेल तर तो फुटेपर्यंतच्या 45 सेकंदांचा हिशेबही डोक्यात ठेवायचा असतो. अशा वेळी "समोरच तर होता, दिसला नाही का?" असे विचारणे म्हणजे निकाल लागल्यावर प्रश्नपत्रिका सोपी होती म्हणण्यासारखे आहे. शिवाय यात सभ्यतेच्याही आधी खेळाचा प्रश्न येतो. स्पाइक निकामी करायला 7 सेकंद लागतात, त्याचा आवाज येतो, पावलांचाही येतो, आणि एकट्या उरलेल्या माणसाजवळ त्या आवाजांशिवाय दुसरा आधार नसतो. तुझ्या रेकॉर्डिंगमधली एकोणिसावी फेरी पुन्हा ऐक. तुझा मित्र दोघांविरुद्ध एकटा उरला आहे, मागून येणारी पावले तुझ्या बोलण्याखाली स्पष्ट दबली आहेत, तो मारला जातो आणि त्यावर तू त्याला विचारतोस की, तुला कान नाहीत का.

मेल्याबरोबर दोन सेकंदांत सांगायचे ते सांगून टाकावे: "ए हेवनवर एक, 84 लागले." जागा (हेवन म्हणजे ए साइटवरची उंच माची), संख्या आणि शत्रूला झालेले नुकसान, एवढेच. त्यानंतर फेरी संपेपर्यंत तोंडात मूग धरून बसावे.

हे मी शहाणपणाने जन्मलो म्हणून सांगत नाही. 2005 च्या सुमारास सीताबर्डीवरच्या एका गल्लीत माझा छोटा गेमिंग कॅफे होता. दहा मशीन, केबलने जोडलेले लॅन, आणि कॉलेज सुटल्यापासून रात्री शटर ओढेपर्यंत काउंटर-स्ट्राइक. बोलण्यासाठी माइक नव्हते, सगळा कारभार आरडाओरड्यावर चाले, आणि मी मालक असल्यामुळे सर्वांत जास्त मीच ओरडत असे. एकदा एका पैजेच्या सामन्यात कोपऱ्यातल्या मशीनवरचा एक मुलगा डावीकडून येणाऱ्या माणसाकडून सलग चार वेळा मारला गेला आणि मी भर कॅफेत त्याला बहिरा म्हणालो. तो काही बोलला नाही, पैसे देऊन गेला. रात्री मशीन बंद करताना मी त्याचा हेडफोन सहज कानाला लावला, तर त्याचा डावा कान बंद होता. हेडफोन माझा, मशीन माझे, आणि त्याने तासाचे भाडेही मलाच दिले होते. दुसऱ्या दिवशी मी त्याची सर्वांसमोर क्षमा मागितली, कारण बोललोही सर्वांसमोरच होतो.

तुझ्या बाबतीत तर समोरच्याचे मशीन कोणते, हेही तुला दिसत नाही. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, दुपारी व्होल्टेज खाली येते, संगणक तापला की पडद्यावरचे चित्र अडखळू लागते, आणि घरात त्याच वायफायवर कोणीतरी मालिका पाहत असते. सर्व्हर मुंबईचा असला तरी प्रत्येकाचा पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ, वेगळा असतो. तो गुणफलकावर लिहिलेला असतो, तेवढा वाचायला एक क्षण लागतो. 25 पिंगच्या माणसाने 140 पिंगच्या माणसाला उशिरा गोळी झाडल्याबद्दल बोल लावणे मला तरी अन्यायाचे वाटते.

त्याच फलकावरचे मारलेल्यांचे आकडे मात्र तू जरा जपून वाच. आत सर्वप्रथम शिरणारा बहुधा मरतो, त्याचे कामच ते आहे. त्याच्या पाठोपाठ जाऊन ट्रेड घ्यायची, म्हणजे त्याला मारणाऱ्याला लगेच मारायची, जबाबदारी दुसऱ्याची असते आणि तुझ्या सामन्यात निदान पाच वेळा तो दुसरा तू होतास. कंट्रोलर, म्हणजे धुराने शत्रूची नजर अडवणारे पात्र, घेतलेल्या त्या अनोळखी मुलाला तू "फक्त 6 किल" म्हणून हिणवलेस, पण त्याने टाकलेल्या स्मोकमुळेच (धुरामुळेच) तुम्ही बी साइट, म्हणजे स्पाइक लावायची एक जागा, तीनदा विनासायास घेतली. स्मोकची नोंद किलच्या रकान्यात होत नाही.

आता आपल्या भाषेविषयी. हा मुद्दा नागपूरकरांना विशेष लागू आहे. फुटाळ्यावर बसून तुझा मित्र तुला "काय बे, कुठं हायेस?" असे विचारतो तेव्हा त्यात माया असते आणि ती तुला ऐकू येते. तोच "बे" कोल्हापूरच्या किंवा इंदूरच्या अनोळखी मुलाच्या कानात, चेहरा न दिसता आणि स्वर चढलेला असताना पडतो, तेव्हा तो त्याला हाताखालच्या माणसाला मारलेल्या हाकेसारखा वाटतो. तुझ्या मनात अपमान नव्हता हे मी मान्य करतो. त्याला मात्र तेवढाच पोहोचला. अनोळखी माणसाला त्याच्या एजंटच्या, म्हणजे खेळातल्या पात्राच्या, नावाने हाक मारावी आणि वाक्य छोटे ठेवावे. रँक्ड, म्हणजे क्रमवारीच्या, सामन्यात चौघांचा गट करून शिरता येत नाही, हे बरेच आहे. चौघे मित्र आणि पाचवा एकटा अशी गाठ पडली की त्या पाचव्याचे काय होते, ते तू साध्या सामन्यांत पाहिले आहेस.

मग सांगायचे केव्हा? सामना चालू असताना मला एकच योग्य जागा दिसते, ती म्हणजे फेरीआधीचे खरेदीचे 30 सेकंद. तेव्हा कोणी मरत नसते, आणि बोललेले लगेच वापरता येते. समज, फेरी हरल्यावर हातात 1900 क्रेडिट (खेळातले पैसे) आले आहेत आणि एक जण उरलीसुरली शिल्लक मोडून 2900 ची व्हँडल रायफल घ्यायला निघाला आहे. "तुझ्यामुळे सगळ्यांचा बाजार उठतो" हे वाक्य त्याला काहीच शिकवत नाही. "या फेरीत पैसे वाचवू, पुढच्या फेरीत सगळे मिळून खरेदी करू" हे वाक्य त्याला पुढचे पाऊल देते आणि मागच्या चुकीचा उल्लेखही टाळते. जे सांगून पुढच्या फेरीत काही बदलता येणार नाही, ते त्या वेळी गिळावे. नेम वाईट असणे हे त्यातच मोडते; तीस सेकंदांत कोणाचा नेम सुधारत नाही.

उरलेली चिकित्सा सामना संपल्यावर, आणि तीही नेहमीच्या सोबत्यांशीच. अनोळखी माणूस तुझ्याकडे शिकायला आलेला नाही. मानेवाड्याच्या तुझ्या त्या दोघा मित्रांशी बोलायचे तर रेकॉर्डिंग लावून सुरुवात तुझ्या स्वतःच्या मरणाने कर, एका बैठकीत एकाची एकच चूक काढ, आणि त्याची क्लिप हसण्याचा इमोजी लावून व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नकोस. तुम्हाला उद्या पुन्हा एकत्र खेळायचे आहे. क्रिकेटचेच घे. जामठ्याच्या मैदानावर 2025 च्या रणजी अंतिम सामन्यात दानिश मालेवार आणि करुण नायर यांची 215 धावांची भागीदारी धावेच्या गोंधळात मोडली आणि करुण 86 वर धावबाद झाला. त्यानंतर दानिश 153 पर्यंत गेला, करुणने दुसऱ्या डावात 135 केल्या आणि करंडक विदर्भाकडे आला. तो सामना आपण एकत्र पाहिला होता. त्या धावबादवर तू गॅलरीत जे काही बोललास, ते मैदानात कोणी बोलले असते तर दुसऱ्या टोकाच्या दानिशचे पुढे काय झाले असते, याचा विचार कर.

शिवीगाळीविषयी लांबण लावत नाही. आईबहिणीवरून बोलणे, मुलीचा आवाज ऐकून शेरे मारणे, हे टीकेत मोडतच नाही. असे करणाऱ्याला म्यूट कर, सामन्यानंतर रिपोर्ट कर, आणि "तुला रिपोर्ट करतो" अशी दवंडी पिटू नकोस. त्या धमकीने पुढच्या दहा फेऱ्या नासतात. तो तुझा मित्र असेल तर मात्र म्यूट करून सुटका नाही. त्याला तिथल्या तिथे थांबवावे लागेल.

तुलाही कोणी बोलेल. बोलणारा उद्धट असला तरी माहिती खरी असू शकते, म्हणून तेवढी वेचून "बरोबर, पुढच्या वेळी बघतो" म्हणावे. तू त्या सामन्यात हे एकदाही म्हणाला नाहीस. मी ती रेघही ओढायला बसलो होतो, ती कोरीच राहिली.

येत्या रविवारी सकाळी त्या दोघांना घेऊन ये. तर्री पोहे मागवतो, नंतर एकोणिसावी फेरी चौघे मिळून पाहू, आणि तिच्यावर आधी तुझा मित्र बोलेल. येताना तुमचे हेडफोन आणा आणि निघण्याआधी दोन्ही कान तपासून घ्या.

तुझा,
काका