दुखणं, सातबारा आणि कमरेतली बॅटरी

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझे मिस्टर एसटीत ड्रायव्हर होते, वय ५४. कमरेची दोन ऑपरेशनं झाली, दुसरं २०२१ मध्ये. कंबर आता बरी आहे, पण डावा पाय मांडीपासून अंगठ्यापर्यंत जळतो, मध्येच करंट बसल्यासारखं होतं. प्रीगॅबालिनच्या गोळ्यांनी दिवसभर गुंगी. आता पाठीत वायर आणि कमरेत बॅटरी बसवायला सांगितलंय, खर्च साडेआठ लाख. हे अर्धा एकर विकायला निघालेत. दीर म्हणतात, दुखणं मनाचं आहे, मशीन कशाला? काय करावं?
– एक वाचक, कराड तालुका

उत्तर : ताई, आधी दिरांना उत्तर देऊ. नस बराच काळ दबून राहिली की वरचा दाब काढल्यावरही ती बोंब मारत राहते. चोर कधीच पळालेला असतो, कुत्रं भुंकतंच असतं. एक्सरे, एमआरआयमध्ये ते भुंकणं दिसत नाही, म्हणून घरचे म्हणतात मनाचं आहे. तुमच्या मिस्टरांचं दुखणं खरं आहे, हे त्यांच्यासमोर दिरांना एकदा सांगा.

आता यंत्राबद्दल. कोपर आपटलं की आपण चोळतो आणि बरं वाटतं. चोळण्याचा निरोप दुखण्याच्या निरोपाची वाट अडवतो, असं मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलं. दोनच वर्षांनी अमेरिकेत शीली नावाच्या सर्जननं मज्जारज्जूजवळ वायर ठेवून हे करून पाहिलं. आजचं यंत्र त्याच कुळातलं. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बारीक वायर आणि कमरेखाली कातडीच्या आत काडेपेटीएवढी बॅटरी. यंत्र नस दुरुस्त करत नाही, निरोप अडवतं. त्यामुळे ‘दुखणं जाईल का?’ हा प्रश्नच सोडा. निम्मं कमी झालं तर आम्ही त्याला यश म्हणतो.

आणि एक गोष्ट दवाखान्यात बहुधा सांगितली नसेल. २०२२ मध्ये नॉर्वेतल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. पाठीच्या ऑपरेशननंतर पाय दुखत राहिलेले ५० रुग्ण, म्हणजे तुमच्या मिस्टरांसारखेच. सगळ्यांना यंत्र बसवलं, पण ते कधी चालू आहे नि कधी बंद, हे त्यांना कळू दिलं नाही. दोन्ही काळांत त्यांच्या हालचालींत आणि दुखण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. आमच्यातल्या अनेकांनी त्या चाचणीत वापरलेल्या करंटच्या पद्धतीवर आक्षेप घेतले, त्यातले काही मलाही पटतात. यंत्र बसवून चालायला लागलेली माणसं मी स्वतः पाहिली आहेत. पण अर्धा एकर विकायला काढलेल्या माणसाला ही बातमी न सांगणं मला जमणार नाही.

म्हणून माझा सगळा भर ट्रायलवर. कायमचं यंत्र बसवण्याआधी वायर तात्पुरती घालतात, तिचं टोक पाठीतून बाहेर चिकटपट्टीनं बांधलेलं आणि बॅटरीची डबी पट्ट्याला. पाच ते सात दिवस. अंघोळ नाही, ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं. त्या दिवसांत डॉक्टर विचारतील, ‘दहापैकी किती दुखतंय?’ माणूस म्हणतो चार. ऑपरेशन व्हावं अशी इच्छा असली की चार आपोआप तोंडात येतो.

त्यापेक्षा शंभर पानी वही घ्या. ट्रायलच्या आधीचा आठवडा आणि ट्रायलचा आठवडा, रोज तुम्ही लिहा, त्यांना लिहायला लावू नका. तीन कामं ठरवा, त्यांच्या आयुष्यातली. माझ्या एका पेशंटच्या बायकोची वही मी जपून ठेवली आहे. ट्रायलआधीची नोंद : ‘मंगळवार. जेवायला मांडी घातली. भात वाढेपर्यंत उठले.’ ट्रायलमधली : ‘शनिवार. ताक पिऊन उठले. स्वतःचं ताट मोरीत ठेवलं.’ त्या दोन ओळींवर आम्ही ऑपरेशन ठरवलं. दुसऱ्या एकाच्या वहीत दोन्ही आठवडे सारखेच निघाले. तो रागावला, पण त्याचे पैसे वाचले.

तोवर सातबाऱ्याला हात लावू नका. खर्चाचा कागद दोन भागांत मागा : ट्रायलचा वेगळा, कायमच्या यंत्राचा वेगळा. बॅटरी किती वर्षांची, बदलायला किती पैसे, आणि यंत्राचं सेटिंग करायला माणूस कुठून येणार, हेही विचारा. तो मुंबईहून महिन्यातून एकदा येत असेल, तर मधल्या तीन आठवड्यांत करंट भलत्याच पायाला लागला तरी तुम्ही काय करणार? मेडिक्लेम असेल तर होकार लेखी घ्या.

शुगर असेल तर आधी आटोक्यात आणा, कारण जंतुसंसर्ग झाला तर सगळं यंत्र काढावं लागतं. बसवल्यावर पहिले सहा आठवडे वाकणं, वळणं, ओझं उचलणं बंद. माझ्या एका पेशंटनं चौथ्या आठवड्यात गणपतीची मूर्ती उचलली. वायर सरकली, करंटच्या झिणझिण्या पायाऐवजी बरगडीत यायला लागल्या. पुन्हा ऑपरेशन.

आणखी दोन गोष्टी. फिजिओथेरपीवाल्यांकडे शेकायचं डायथर्मीचं मशीन असतं. पाठीत वायर असताना ते अंगाला कुठेही लावू द्यायचं नाही, वायर आतल्या आत तापते. आणि मिस्टर पुन्हा स्टिअरिंगवर बसायची आशा धरून असतील, तर आत्ताच बोला. ज्या प्रकारच्या यंत्रात करंटच्या झिणझिण्या जाणवतात, ते चालू ठेवून गाडी चालवू नये, अशी सूचना असते.

मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं तर दिरांना विजय मिळाला असं समजू नका. ती तपासणी बहुतेकांची होते. अपेक्षा काय आहेत, उदासपणा किती आहे, हे त्यात पाहतात. आणि गुंगी येते म्हणून प्रीगॅबालिन परस्पर बंद करू नका. ती हळूहळूच उतरवायची असते.

पत्र तुम्ही लिहिलंत, मिस्टरांचं त्यात एकही वाक्य नाही. वही आणायला त्यांनाच दुकानात पाठवा, तेवढं चालणंही होईल.

प्रश्न : आईला स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. पोटात पंप बसवून मॉर्फिन देतात असं ऐकलं. तो बसवावा का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : पंपाआधी मला सांगा, आईला मॉर्फिनची साधी गोळी मिळते का? की अजून पॅरासिटामॉल-ट्रॅमाडॉलवरच आहे? २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त केंद्रांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं. तरी ‘सवय लागेल’ म्हणून घरचेच गोळी लपवून ठेवतात. आईला सवयीची भीती घालायची ही वेळ नाही. स्वादुपिंडासाठी आणखी एक चांगला उपाय आहे. पोटामागच्या नसांच्या जाळ्यात सुईनं औषध सोडून ती बधिर करतात. पंपाच्या मानानं खर्च फारच कमी, आणि तब्येत खालावण्याआधी केलेलं बरं. पंप बसवला तर तो भरून घ्यायला ठरावीक काळानं दवाखान्यात जावंच लागतं, आणि त्या फेऱ्या आईला झेपतील का, हे तुम्हालाच ठाऊक. वेदनाशामक उपचारांच्या ओपीडीत याच आठवड्यात जा. मॉर्फिन सुरू झालं तर पोट साफ होण्याचं औषध पहिल्या गोळीबरोबरच मागून घ्या, लिहून द्यायला आम्ही डॉक्टर विसरतो.