डब्यातला थाई रस्सा आणि सहकाऱ्यांची पंगत

प्रश्न : मी नोकरीनिमित्त बँकॉकमध्ये राहते. आमच्या कार्यालयात दुपारी सगळे जण आपापले पदार्थ टेबलाच्या मध्यभागी ठेवून एकत्र जेवतात आणि मलाही आग्रहाने बोलावतात. मी मांस-मासे खात नसल्याने पोळी-भाजीचा डबा घेऊन कडेला बसते. आता घरी थाई पदार्थ करून सर्वांना खाऊ घालावा असे मनापासून वाटते. कोणता पदार्थ न्यावा, आणि तो शाकाहारी असला तर त्यांना अपुरा वाटेल का?
– एक वाचक, बँकॉक

उत्तर : आधी तेथील जेवणाची रीत लक्षात घ्यावी. प्रत्येकाच्या ताटात भात स्वतःचा असतो, मधले पदार्थ मात्र सर्वांचे असतात आणि त्यांतून एका वेळी एक-दोन चमचेच वाढून घेतले जातात. म्हणून प्रत्येकाला पोटभर पुरेल असा स्वयंपाक नेण्याची गरज नाही. भाताबरोबर खाता येईल असा एकच पदार्थ आणि वाढायला वेगळा चमचा, एवढे पुरेसे आहे.

माझी निवड मसमन रश्शाची आहे. दालचिनी, लवंग, वेलची, धने, जिरे, चिंच, शेंगदाणे आणि बटाटा ही त्याची सामग्री मराठी स्वयंपाकघराला परकी नाही. हा रस्सा थाई खाद्यपरंपरेत मुस्लिम प्रभावातून आला, असे सामान्यतः मानले जाते. शिवाय तो मुरल्यावर अधिक चवदार लागतो, त्यामुळे आदल्या रात्री करून ठेवता येतो. नाळीच्या भाजीचा लसूण-मिरचीवर परतलेला थाई प्रकार मलाही फार आवडतो, पण तो कढईतून थेट ताटात यायला हवा, डब्यात त्याचा लगदा होतो.

मसमनच्या वाटणात सुक्या लाल मिरच्या, गवती चहाचा जाड दांडा, गलांगल (आल्यासारखा सुगंधी कंद), छोटे कांदे आणि लसूण यांबरोबर ‘कापी’ नावाची आंबवलेल्या कोळंबीची चटणी असते, आणि रश्शाला खारटपणा येतो तो ‘नाम प्ला’ या माशाच्या सॉसने. कापीच्या जागी ‘ताओ जियाओ’ ही आंबवलेल्या सोयाबीनची खारट चटणी आणि नाम प्लाच्या जागी फिकट सोया सॉस वापरावा. चव हुबेहूब तीच येणार नाही, पण रस्सा फिका पडणार नाही. मांसाऐवजी घट्ट टोफू तळून घालावा. नारळाचे दाट दूध तेल सुटेपर्यंत आटवून त्यातच वाटण परतणे हा या कृतीचा गाभा आहे, आणि तेथे घाई केली तर मसाला कच्चा राहतो. डबाबंद दुधात ते फुटू नये म्हणून काही घटक घातलेले असतात आणि मग तेल सुटत नाही. अशा वेळी चमचाभर तेल वरून घालावे.

शाकाहारी पदार्थ अपुरा वाटेल ही शंका मनातून काढून टाकावी. थायलंडमध्ये चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात, बहुधा आपल्या नवरात्राच्या सुमारास, नऊ दिवस ‘जे’ आहार पाळला जातो आणि त्या काळात दुकानांवर पिवळ्या पताका दिसतात. मांस, मासे, अंडी आणि दूध यांबरोबर कांदा-लसूणही तेव्हा वर्ज्य असतो, म्हणून ‘जे’ पाळणाऱ्या सहकाऱ्यासाठी वरचे वाटण चालणार नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. शेंगदाणे आणि सोयाबीन घातल्याचे मांडतानाच स्पष्ट सांगावे, कारण त्यांची ॲलर्जी गंभीर असू शकते.

बँकॉकच्या उकाड्यात नारळाचे दूध लवकर आंबते. रात्री केलेला रस्सा दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा, सकाळी थंडगारच न्यावा, कार्यालयातही फ्रिजमध्ये ठेवावा आणि जेवणाआधी खळखळून उकळेल इतका गरम करावा.

आणि आपली पोळी-भाजीही कडेला न ठेवता मध्यभागी ठेवावी, असा माझा आग्रह आहे. थायलंडमध्ये रोटी परिचयाची आहे, काही ठिकाणी ती मसमनबरोबरही खातात. पोळ्यांचे चार-चार तुकडे करून ठेवले तर ते रश्शाबरोबर सहज खपतील.

प्रश्न : पुण्यात कार्यालयातील मैत्रिणींसाठी हिरवी थाई करी करायची आहे, पण त्यांतील एक जैन आहे. काय बदल करावेत?
– एक वाचक, पुणे

उत्तर : बाजारातील तयार वाटणात कांदा-लसूण बहुधा असतोच आणि पुष्कळदा कोळंबीही असते, म्हणून वेष्टनावरील घटक वाचावेत आणि शक्यतो वाटण घरीच करावे. गलांगल आणि कोथिंबिरीची मुळे जमिनीखालची असल्याने वगळावीत. हिरव्या मिरच्या, कोथिंबिरीचे कोवळे देठ, धने, जिरे, पांढरी मिरी आणि लिंबाची किसलेली साल यांचे वाटण करावे. आपल्याकडच्या गवती चहाची पाती चिवट असल्याने ती वाटू नयेत. त्यांची जुडी बांधून नारळाच्या दुधात उकळावी आणि नंतर काढून टाकावी. थाई पद्धतीत या करीत छोटी वांगी घालतात, पण अनेक जैन कुटुंबांत वांगे खात नाहीत; लाल भोपळा, फरसबी आणि बेबी कॉर्न घालता येतील. नियम घरोघरी वेगळे असतात, तेव्हा बाजारहाट करण्यापूर्वी मैत्रिणीला सामग्रीची यादी दाखवून घ्यावी.